घरभेदी प्रथिनाचे पूर्वचरित्र

हंटिंग्टनचा रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो. हातापायांच्या अनिवार हालचाली सुरू होतात, स्वभाव पालटतो आणि पुढे स्मृती व विवेकही क्षीण होत जातात. मातापित्यांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. त्यास कारण होणारे जनुक १९९३ साली सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ चाळीस वा अधिक वेळा आला, की त्यावरून घडणारे हंटिंग्टिन नावाचे प्रथिन विकृत होते व मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होऊ लागतात.

मग हे प्रथिन समूळ नाहीसे केले तर? १९९५ साली तीन संशोधकगटांनी उंदरांत हा प्रयोग करून पाहिला. जनुकाच्या दोन्ही प्रती गमावलेले गर्भ आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारासच, मज्जासंस्था नीट आकारास येण्यापूर्वी, मृत झाले. ज्यास मेंदूचा वैरी समजावे, त्याचेच निरोगी रूप गर्भाच्या वाढीस अत्यावश्यक ठरले!

हे कोडे उलगडते ते असे. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण ग्रंथ असतो. परंतु कोणते पान कोठे व केव्हा वाचले जावे, यावर सारे अवलंबून असते. या वाचनासच जनुकाचे प्रकटन म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातील वसमतकडचा शेतकरी हळदीस महिनोन्महिने पाणी देतो, परंतु काढणीपूर्वी ते तोडतो. पाणी तेच, वेळ निराळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उंदरांच्या गर्भांत असाच कालनियम दाखविला. मेंदूच्या घडत्या बाह्यकातील काही पेशींतून एलएचएक्स-२ हे जनुक आरंभीच काढले असता, स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग भलत्याच जागी उद्भवला. ती मुदत टळल्यावर काढले असता तसे घडले नाही.

हंटिंग्टिनच्या बाबतीतही काळाचा विचार सोडून चालत नाही. २०२० साली फ्रान्समधील संशोधकांना रोगकारक जनुक असलेल्या तेरा आठवड्यांच्या मानवी गर्भांत, तसेच उंदरांच्या गर्भांतही, बाह्यकाच्या घडणीत दोष आढळले. लक्षणे प्रौढपणी दिसली, तरी त्यांचा पाया जन्मापूर्वीच पडलेला असू शकतो.

म्हणूनच औषध शोधणाऱ्यास या प्रथिनाचा सरसकट उच्छेद करून चालणार नाही. विकृत रूप आवरावे, निरोगी रूप राखावे आणि हे केव्हा करावयाचे तेही ठरवावे, अशी ही तिहेरी कसोटी आहे. रोगाच्या छायेत वाढणाऱ्या कुटुंबांची आशा तिच्या निकालावर अवलंबून आहे.