पत्र्याच्या ट्रंकेतला उजेड

मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गाला होटगीस विजापूर-गदगचा फाटा फुटतो. अशा जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला पत्र्याची ट्रंक ही काय वस्तू आहे, हे सांगावे लागत नाही. बदलीवर निघालेला शिपाई, सासरी निघालेली मुलगी, वसतिगृहात राहावयास निघालेला विद्यार्थी, प्रत्येकाने ती कधी ना कधी फलाटावर टेकवलेली असते. घर सोडताना हिच्यात जेवढे मावले तेवढेच आपले! अशा ट्रंका कोणी प्रदर्शनात मांडल्या, तर त्यास कला म्हणावे काय?

नलिनी मलानी यांनी त्या मांडल्या. त्यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या. दोन्हीकडे पेढे वाटले जात असताना मलानींना सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही कथा आठवली. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते आणि आपले गाव कोणत्या देशात गेले हे न उमगलेला बिशनसिंग दोन सीमांच्या मधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो, ती ही कथा. 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही मलानींची कृती १९९९ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, मांडली गेली.

दालनात बारा ट्रंका होत्या, गोधड्या होत्या आणि प्रत्येक ट्रंकेत एक चित्रवाणीचा पडदा तेवत होता. भिंतींवर अणुस्फोटांची जुनी चित्रफीत चालू होती. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया, एक भारतातली व एक पाकिस्तानातली, एकच साडी घडी घालू पाहत होत्या.

अशा रचनेस आपण मांडणशिल्प म्हणतो. 'ट्रंक बाजारात मिळते, मग कलावंताने केले काय?' असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. उत्तर उजेडात आहे. भिंतीवरच्या तैलचित्रावर उजेड बाहेरून पडतो आणि आपण लांब उभे राहून चित्र पाहतो. येथे उजेड वस्तूच्या पोटातून येतो. ट्रंकेत कपडे असावेत अशी आपली अपेक्षा असते, तेथे हलती चित्रे दिसतात. निर्वासिताने सोबत आणलेल्या आठवणींना याहून वेगळे रूप काय द्यावे? ट्रंक नुसती असती तर ते सामान झाले असते. चित्रफीत नुसती असती तर तो माहितीपट झाला असता. दोन्ही एकत्र आल्यावर तिसराच अर्थ निघतो. वीज गेली की मात्र तो अर्थही जातो आणि मागे बारा ट्रंका उरतात. भारनियमन सोसलेल्या आपणांस हे निराळे सांगणे नलगे.

पुढे मलानींनी उजेडाचा हा विचार आणखी ताणला. पारदर्शक पत्र्यासारख्या मायलारच्या नळकांड्यांवर आतून चित्रे रंगवून त्या टांगल्या, फिरत्या ठेवल्या आणि त्यांतून प्रकाशझोत सोडला. २०१२ साली जर्मनीतील कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात त्यांची अशी पाच नळकांडी फिरत होती. भिंतीवर सरकत्या छाया पडतात, हे तत्त्व आपल्याला परके नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागच्या दिव्यावरच नाचतात. फरक इतकाच की तेथे प्रेक्षक पडद्याच्या अलीकडे सुरक्षित बसतो. येथे तो झोताच्या वाटेत येतो आणि त्याचीही सावली चित्रात मिसळते.

मुंबईच्या त्या दालनातही प्रेक्षक दोन भिंतींच्या मधोमध उभा होता. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साडी अगर चादर घडी घालताना दोघीजणी दोन टोके धरतात, 'जरा ताण गं' म्हणतात आणि मग एकमेकींकडे चालत येतात. कोणीतरी पाऊल पुढे टाकल्याशिवाय घडी पडत नाही. भिंतीवरच्या त्या दोघींना पुढे येता येत नाही. मधली जागा त्यांची नव्हे, प्रेक्षकाची आहे. बिशनसिंग जेथे पडला तीच ही जागा. आता येथे मी उभा आहे, मी काय करणार, हा प्रश्न घेऊन प्रेक्षक दालनाबाहेर पडत असेल, तर ट्रंका मांडणाऱ्या बाईंनी काय केले हे निराळे विचारण्याचे कारण उरत नाही.