मोजून दिलेला ढिलेपणा

दसऱ्याच्या सुमारास कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी उरकते, गंज्या लागतात आणि थ्रेशर धडधडू लागतात. ट्रॅक्टरचा थ्रेशर फिरवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. फिरत्या भागाचं वजन एका अंगाला जरा जास्त झालं की प्रत्येक फेऱ्याला सांगाड्याला हिसका बसतो. नुसता शाफ्टचा वेग धरला तरी तासाला 32,400 हिसके. मग नट सैलावतात, वेल्डिंगला तडे जातात, बेअरिंग बसतं. मिस्त्री आला की आधी पाना काढतो, कारण मशीनमध्ये काहीही ढिलं राहिलेलं त्याला खपत नाही.

थरथर शमवणाऱ्या इम्पॅक्ट डॅम्परमध्ये मात्र एक तुकडा मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. थरथरणाऱ्या भागावर एक पोकळ डबी घट्ट बसवायची आणि तिच्यात पोलादी गोळी मोकळी सोडायची. दोन्ही बाजूंना थोडी जागा राखून. डबी उजवीकडे निघते तेव्हा गोळी अजून डावीकडेच चाललेली असते. दोघी समोरासमोर आदळतात, डबीचा जोर गोळी घेते आणि टकरीत थोडी ऊर्जा आवाज व उष्णता होऊन निघून जाते. एका हेलकाव्यात दोन्ही भिंतींवर एकेक टक्कर बसली, तर सगळ्यात चांगलं काम होतं. सगळी मेख त्या मोकळ्या जागेत आहे. ती फार कमी ठेवली तर गोळी डबीबरोबरच हलते, फार जास्त ठेवली तर वेळेवर पोचत नाही.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. हॅक्सॉचं पातं व्हाइसमध्ये उभं धरा, वरच्या टोकाला छोटी डबी बांधा, आत बेअरिंगचा छर्रा ठेवा. आधी छर्रा चिकटवून पात्याला टिचकी मारा, मग तोच छर्रा मोकळा करून. वजन तेवढंच, पण दुसऱ्या वेळी पातं झपाट्यानं शांत होतं. शेवटची बारीक थरथर मात्र रेंगाळते, कारण हेलकावा इतका लहान होतो की छर्रा भिंतीला लागतच नाही. या साधनाची मर्यादा तिथं डोळ्यांना दिसते.

पॉल लीबर आणि डी. पी. जेन्सन यांनी 1945 साली अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ही कल्पना मांडली. डोळ्यांपुढे विमानं होती. 1967 मध्ये नासाच्या विल्मर रीड यांनी उंच, लवचीक रचनांसाठी गोळीऐवजी नळीत लटकती साखळी वापरायची सोपी युक्ती सुचवली. रबराचा डॅम्पर उष्णतेत मऊ पडतो, धातूच्या गोळीला ती अडचण नसते. म्हणून टर्बाइनच्या पात्यांसाठीही तिचा विचार झाला. आवाज आणि झीज या तिच्या खऱ्या तक्रारी. त्यावर उपाय म्हणून एका गोळीऐवजी बारीक छर्रे भरतात. डेड ब्लो हातोड्याच्या पोकळ डोक्यात तेच असतात, म्हणून तो घाव घालून उसळत नाही.

आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपला मला याचा सर्वांत जवळचा उपयोग दिसतो तो लेथवर. खोल बुश बोअर करताना बोरिंग बार लांब बाहेर काढावा लागतो. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोरानं बार आठपट वाकतो. व्यासाच्या चौपटीपुढे साधा पोलादी बार गेला की कर्कश आवाज सुरू होतो आणि जॉबवर लाटा उमटतात. तिथं फीड, स्पीड बदलून भागलं नाही, तर बारच्या टोकाशी पोकळी करून आत मोकळं वजन ठेवतात. टोकाशीच, कारण सर्वांत जास्त हालचाल तिथं असते.

थ्रेशरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: आधी ड्रम बॅलन्स करा, वाकलेला शाफ्ट सरळ करा, झिजलेलं बेअरिंग बदला. मूळ दोष तसाच ठेवून डबी लावणं म्हणजे हिसका तसाच चालू ठेवणं. पण एवढं करूनही एखादा लांब पत्रा किंवा बाहेर आलेला पाइप थरथरत राहिला, तर त्याच्या मोकळ्या टोकाला रबराचं अस्तर दिलेली, छर्रे भरलेली डबी लावून बघायला खर्च फारसा नाही. मात्र ती नट-बोल्टनं घट्ट आवळा आणि झाकण पक्कं बंद करा. सुटलेला छर्रा ड्रममध्ये गेला तर मोठं नुकसान होईल.