जुना मोबाईल, थोडे ऊन आणि घरचा सर्व्हर





बहुतेक घरांत कपाटाच्या एखाद्या खणात एक-दोन जुने स्मार्टफोन पडलेले असतात. एखाद्याची काच तडकलेली असते, एखाद्यात नवी अ‍ॅप चालत नाहीत. आपण त्यांना ‘खराब’ म्हणतो, पण त्यांच्या आतला संगणक बहुधा शाबूत असतो. प्रोसेसर, मेमरी, वाय-फाय आणि स्वतःची बॅटरी हे सारे त्यात आहेच. अशा फोनला थोडे ऊन मिळवून दिले तर तो घरचा सर्व्हर म्हणून काम करू शकतो. ते कसे, हे या अंकात पाहू.

सर्व्हर म्हणजे काय?

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा मला हा शब्द ‘परोसना’ या क्रियापदावरून सोपा वाटतो. मराठीत सांगायचे तर सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत आपण “इकडे वरण आणा” अशी हाक मारतो आणि वाढपी ते आणून वाढतो. ब्राउझरमध्ये पत्ता लिहिणे ही अशीच हाक आहे आणि सर्व्हर ते पान आपल्या पुढ्यात आणून ठेवतो. वाढप्याने जागे राहावे आणि हाक ऐकावी, एवढे पुरते. साधा मजकूर आणि लहान चित्रे वाढायला दहा वर्षांपूर्वीचा फोनही पुरेसा आहे.

कृती

प्रथम फोनमधील आपले फोटो व माहिती काढून घ्या, सिम काढा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ नावाचे मोफत अ‍ॅप घाला. ते ‘एफ-ड्रॉइड’ या मुक्त अ‍ॅपच्या भांडारात मिळते. त्यातून लिनक्सच्या आज्ञा देता येतात. ‘पायथॉन’ किंवा ‘एनजिनएक्स’ हा प्रोग्राम बसवला की सर्व्हर तयार. अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला नेहमीचे ८० क्रमांकाचे दार वापरू देत नाही, म्हणून ८०८० हा क्रमांक घ्यावा. मग घरच्या वाय-फायवरील कोणत्याही संगणकावर त्या फोनचा पत्ता व हा क्रमांक लिहिला की पान उघडते. यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही.

उन्हाचा हिशेब

भोपाळहून विदिशेकडे जाताना वाटेत कर्कवृत्त ओलांडावे लागते, म्हणजे ऊन आपल्याला भरपूर. जवळचेच सांची २०२३ मध्ये सौरनगर म्हणून घोषित झाले. तरीही हिशेब करूनच पुढे जावे.

पडदा बंद व वाय-फाय चालू असलेला फोन सरासरी दीड वॅट घेतो असे धरू. दिवसाचे २४ तास म्हणजे ३६ वॅट-तास. २० वॅटच्या पॅनेलला दिवसाला पाच तासांइतके पूर्ण ऊन मिळाले तर १०० वॅट-तास होतात. धूळ, उष्णता आणि तारांत त्यातले निम्मे गेले तरी ५० उरतात, म्हणजे काम भागते. पण श्रावणात ढग दाटले आणि ऊन दोन तासांइतकेच मिळाले, तर हाती २०च येतात. त्या दिवशी सर्व्हर बंद पडणार.

रात्रीचे काय? ३००० मिलीअँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीत सुमारे ११ वॅट-तास असतात, म्हणजे सात तासांची सोय. जुन्या बॅटरीत त्याहूनही कमी. म्हणून पॅनेल थेट फोनला न जोडता चार्ज कंट्रोलरमार्फत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची यूपीएसची बॅटरी भरावी आणि तिच्यावर गाडीतला यूएसबी चार्जर लावून फोन चालवावा. ती निम्मीच वापरली तरी ४० वॅट-तास मिळतात, म्हणजे रात्र निघते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २३ अंशांच्या उतारावर ठेवावे. आपल्या शहराचे अक्षांशही तेवढेच आहेत.

स्पेनमधील बार्सिलोना येथे क्रिस डी डेकर यांनी ‘लो-टेक मॅगझिन’चे संकेतस्थळ २०१८ मध्ये असेच उन्हावर आणले. सर्व्हर एक लहान संगणक आणि बाल्कनीत ५० वॅटचे पॅनेल. हवा खराब असली की ते संकेतस्थळ बंद राहते आणि वाचकांना तसे आधीच सांगितलेले असते. जेवढे ऊन तेवढे काम, हे त्यांनी उघडपणे मान्य केले.

तीन सावधगिऱ्या

पहिली, उष्णतेची. पॅनेल उन्हात, पण फोन सावलीत आणि हवेशीर जागी. मे महिन्यात आपल्या गच्चीवर लिथियम बॅटरी ठेवणे म्हणजे धोका ओढवून घेणे होय. सतत १०० टक्के भरलेली बॅटरीही लवकर खराब होते. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो लगेच बंद करावा, दाबू नये, उघडू नये, मोठ्यांना सांगावे. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या फोनांची लहान संगणक-केंद्रे बनवताना बॅटऱ्याच काढून टाकल्या व बाहेरून वीज दिली. पण ते काम जाणकारांचे आहे, मुलांनी करू नये.

दुसरी, सुरक्षेची. जुन्या फोनला नवे सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत. म्हणून तो घरच्या वाय-फायपुरताच ठेवावा, जगासाठी उघडू नये आणि त्यात बँकेचे किंवा आधारचे कागद ठेवू नयेत.

तिसरी, बारा व्होल्टच्या बॅटरीची. तारेत फ्यूज असलाच पाहिजे आणि जोडणी पालकांच्या देखत व्हावी.

हा खटाटोप कशासाठी?

फोनचा पर्यावरणावरील भार मुख्यतः तो बनतानाच पडतो, वापरताना कमी. म्हणून जुना फोन जितकी अधिक वर्षे कामी येईल तितके चांगले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. देशातील पहिले ई-वेस्ट क्लिनिक जानेवारी २०२० मध्ये आपल्याच शहरात उघडले होते. आणि दूर सारलेला कचरा संपत नाही, हे भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा उचलून पीथमपूरला न्यायला २०२५ साल उजाडावे लागले. १९८४ नंतर दोन पिढ्या त्याच्या शेजारी वाढल्या. आपल्या खणातला फोन त्या मानाने काहीच नाही, पण तोही आपणच आणलेला आहे.

शिवाय या निमित्ताने मुलांना कळेल की इंटरनेट आकाशात नसते. ते कोणाच्या तरी विजेवर, कोणाच्या तरी यंत्रात असते. ‘क्लाउड’ म्हटले तरी कुठेतरी वाढपी उभा असतोच.

माझी सूचना अशी. इयत्ता ९ वी व ११ वीच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, असा एक सर्व्हर शाळेत चालवून दाखवावा. त्यावर रोजचे तापमान, पाऊस आणि बॅटरीची नोंद असावी, म्हणजे सर्व्हर कोणत्या दिवशी व का बंद पडला हेही दिसेल. विश्वस्त मंडळाला विनंती की गच्चीचा एक कोपरा व एक पॅनेल द्यावे. पालकांना विनंती की न फुगलेला, सुरू होणारा एखादा जुना फोन आपली माहिती पुसून विज्ञान शिक्षकांकडे द्यावा. जो फोन कामाचा नसेल तो भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत केंद्राकडेच सोपवावा.

– प्राचार्य