फायबरच्या आतलं लाकूड

फायबरची होडी कुजत नाही, असं किनाऱ्यावर सर्रास मानलं जातं. फायबर कुजत नाही हे खरंच. पण इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, जुन्या होड्यांत बहुधा आतून प्लायवूडची असते. तळातून लांबीने जाणारे स्ट्रिंजरही पुष्कळदा लाकडावर फायबर मढवून केलेले असतात. दाभोळच्या खाडीकाठी अशाच एका होडीचा ट्रान्सम बदलताना मी मेस्त्रींच्या हाताखाली होतो.

बाहेरून रंग ठीक होता. मेस्त्रींनी लहान हातोडीने ठोकत पाहिलं. वरच्या कडेला खणखणीत आवाज, इंजिनच्या बोल्टांखाली मात्र बद्द. आतून ड्रिलने बारीक भोकं पाडली. कोरड्या लाकडाचा भुसा फिकट, मोकळा पडतो. इथे काळपट, आंबूस वासाचा लगदा निघाला.

"खाऱ्या पाण्यानं एवढं नाय कुजत. पावसानं कुजतं," मेस्त्री म्हणाले. खरंच आहे ते, मीठ बुरशीला मानवत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात. झाकलेली नसली तर होडीत पाणी साचतं आणि बोल्टांच्या, बुचाच्या भोकांतून प्लायवूडमध्ये मुरतं. लाकडातली ओल २० टक्क्यांखाली असली तर बुरशी वाढत नाही. पण फायबरच्या दोन थरांत कोंडलेल्या पाण्याला मे महिन्यातही सुकायला वाट मिळत नाही.

भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी ओता, असं मालकाला कुणीतरी सुचवलं होतं. माझा याला ठाम विरोध आहे. ओल्या लाकडात इपॉक्सी नीट शिरत नाही, आणि कुजलेल्या तंतूंची गेलेली ताकद परत येत नाही. इंजिनाचा सगळा रेटा सोसणाऱ्या जागी असली मलमपट्टी भर समुद्रात जिवावर बेतेल.

तोडफोडीआधी होडीला दोन्ही अंगांनी टेकू दिले, कारण आतला आधार निघाला की कवच आकार सोडतं आणि नवं काम त्या वाकड्या आकारातच घट्ट होऊन बसतं. मग मास्क लावून, अंग झाकून ग्राइंडरने आतला फायबरचा थर कापला. बाहेरचा तसाच राखला. मधलं लाकूड कुठे हातानेच निघालं, कुठे पटाशीला दाद देईना. कूज स्ट्रिंजरच्या टोकांतही शिरली होती. तिथे काळा डाग संपल्यावरही मेस्त्री वीतभर पुढे कापत गेले. मला या कामातलं खरं कसब तिथे दिसलं.

नवा ट्रान्सम आयएस ७१० प्रतीच्या मरीन प्लायचा: १८ मिलिमीटरचे दोन तुकडे चिकटवून, सगळ्या कडांना इपॉक्सी पाजून. सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेला इपॉक्सी घासलेल्या कवचावर पसरला आणि शिकंजे आवळले. चारी बाजूंनी तो बाहेर येईपर्यंत आवळायचं, म्हणजे आत पोकळी राहत नाही. कोपऱ्यांना त्याच लगद्याने गोलाई दिली, कारण काचेचं कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा धरतं. त्यावर कापडाचे थर, प्रत्येक पुढचा आधीच्याहून मोठा. उन्हात इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होतो, म्हणून थोडाथोडाच कालवायचा आणि पसरट तसराळ्यात ओतायचा.

बोल्टांची भोकं सर्वांत शेवटी. आधी हवीत त्याहून मोठी पाडली, इपॉक्सीने पूर्ण भरली, सुकल्यावर मधोमध पुन्हा नेमक्या मापाची पाडली. आता बोल्टाला लाकूड कुठेच लागत नाही. बुचाच्या भोकालाही मेस्त्रींनी असंच केलं.