दारू सोडायचीय, पण ‘एए’ची मीटिंग शोधायची कुठे? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे वाचाच

फोनवर ‘दारू कशी सोडवायची’ असं टाइप केलं की आधी दिसतात त्या जाहिराती. ‘पिणाऱ्याला न सांगता जेवणात मिसळा’ म्हणणारी पावडर, महिन्याचं पॅकेज सांगणारी खासगी केंद्रं. जिथे फी लागत नाही, ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एए) मीटिंग मात्र कुठेतरी खाली राहते. कारण जाहिरातबाजी करून सभासद गोळा करायचे नाहीत, हा या संघटनेचा नियमच आहे.

गरज किती मोठी आहे, हे केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणातून दिसतं. दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक देशात असल्याचा त्यात अंदाज आहे. व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळतात.

एए सुरू झालं १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले. एकमेकांशी बोलत राहिलं की आजचा दिवस न पिता निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही पद्धत तीच आहे. सभासद होण्यासाठी अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. पूर्ण नाव, आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, काही लागत नाही. खर्च भागवायला शेवटी डबा किंवा पिशवी फिरते. पैसे टाकले नाहीत तरी चालतं.

पत्ता कसा मिळवायचा?

एए इंडियाच्या अधिकृत वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन मिळते. मुंबईत भायखळ्याला त्यांचं मुख्य कार्यालय आहे. यादीत नाव दिसलं म्हणून थेट निघू नका, आधी फोन करा. वार, वेळ, जागा बदललेली असू शकते. मीटिंग मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत, हेही विचारून घ्या. गोव्यात कोकणीतही मीटिंग होतात.

मीटिंग बहुतेकदा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या आवारात किंवा एखाद्या हॉलमध्ये संध्याकाळी भरते. मॅपवरचा पिन शाळेच्या गेटपर्यंत नेतो. पुढे कुठला जिना, कितवी खोली, हे फोनवरच कळेल. बाहेर मोठा फलक असेलच असं नाही. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्ड फक्त दारूची समस्या असणाऱ्यांसाठी असते.

ओळखीचं कुणी भेटलं तर?

अनेक जण दारातून परत फिरतात ते याच भीतीने. तालुक्याच्या गावात तर ‘अमक्याचा मुलगा तिथे दिसला’ ही बातमी दुसऱ्या दिवशी पारावर पोहोचते. पण ओळखीचा माणूस आत बसला असेल, तर तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला असतो. कोण आलं, काय बोललं, हे बाहेर सांगायचं नाही, हा इथला संकेत आहे. तरीही धीर होत नसेल तर शेजारच्या शहरातली मीटिंग गाठा. ऑनलाइन मीटिंगही होतात. तिथे कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येईल का, हे आधी विचारता येतं.

आत साधारण तास-दीड तास एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ले देत नाही. पहिल्या दिवशी नाव सांगून ‘मी आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी पुरतं.

आधी डॉक्टर कुणाला हवा?

हा मुद्दा जाहिरातीत नसतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, संभ्रम सुरू होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. हात थरथरत असतील, आधी कधी फिट आली असेल, तर आधी हॉस्पिटल गाठा. एए म्हणजे उपचार केंद्र नव्हे, तिथे औषधं मिळत नाहीत. आणि न सांगता जेवणात काहीही मिसळू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायल्यास थेट हृदयावर ताण येतो.

याचा उपयोग होतो का? २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. एएशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. जादू नाही, पण फुकटात मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक लहान नाही.

घरच्यांनी काय करायचं?

तो यायला तयार नसला, तरी तुम्ही जाऊ शकता. पिणाऱ्याच्या कुटुंबासाठी ‘अल-अनॉन’ हा स्वतंत्र गट आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. जवळपास काहीच सापडत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ किंवा मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ वर फोन करा. दोन्ही मोफत आहेत.

पहिला ग्रुप पटला नाही, तर दुसरा बघा. प्रत्येक ग्रुपची तऱ्हा वेगळी असते. मीटिंग संपल्यावर लगेच चप्पल घालू नका. दोघा-तिघांचे नंबर घ्या, रात्री तलफ आली की कामाला येतात ते तेच.