वीज गेली, कॅमेरा बंद का?

आमचे भाट्ये गाव समुद्राकाठी. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात वीज गेली होती. चाकरमान्यांच्या बंद घरांवर आता कॅमेरा पहारा करतो. तो बंद पडला, की आपण विजेला बोल लावतो. खरे काय?

नुसती वीज गेल्याने कॅमेरा सहसा जळत नाही. वीज परत येताना दाब एकदम चढतो, तो घात करतो. आधी बहुधा अडॅप्टर जातो. तो घरची २३० व्होल्ट वीज उतरवून कॅमेऱ्याला बेताची देतो. म्हणून बटण बंद करून, चालू कॅमेऱ्याचा तसलाच अडॅप्टर याला लावून पाहावा. कॅमेरा सुरू झाला, तर नवा अडॅप्टर घ्यावा. उगाच कॅमेरा टाकू नये! नाहीच झाला, तर वायरीचा जोड पाहावा. हिरवट गंज दिसला, तर ते खाऱ्या हवेचे काम.

चित्र दिसते पण साठत नाही? मग पेटीतली डिस्क तपासून घ्यावी. चालता चालता वीज तुटली, की ती बिघडू शकते. पेटीला इन्व्हर्टर जोडावा.