रात्रपाळीची बॅटरी : अडकलेला खटका घरीच सोडवा



नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास आपल्या भागात आले. पण पाटाची पाळी काय अन् शेतीपंपाची वीज काय, आपली सोय बघून येत नाही. रात्री-अपरात्री दारं धरायला जावंच लागतं. उसात उंदीर असतो आणि उंदरामागे घोणस येते. अशा वेळी बॅटरीचा खटका अडकला तर पाय कोठे पडतो ते कळत नाही. म्हणून ही दुरुस्ती पाळी येण्याआधी, दिवसाउजेडी करावी.

खटका का अडकतो? सेलवर चालणाऱ्या साध्या बॅटरीत बटणाखाली पितळेची पट्टी असते. बटण पुढे सरकवले की पट्टी टेकते, वीज बल्बकडे जाते. ओल्या, चिखलाच्या, खताच्या हाताने बटण दाबून फटीत घाण बसते आणि पट्टीवर हिरवा थर चढतो. दुसरे कारण सेल. साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. वापरात तेच झिजते, भोक पडते आणि आतला रस गळून सगळे गंजते.

दोष कोठे आहे? साध्या तारेच्या बल्बची बॅटरी असेल तर दोन सेल एकावर एक उभे धरा. बल्बचे टोक वरच्या सेलच्या टोपीला टेकवा. खालच्या सेलच्या बुडापासून एक तार बल्बच्या कडेला लावा. बल्ब पेटला तर सेल आणि बल्ब ठीक. दोष खटक्यात किंवा गंजलेल्या जोडात आहे.

दुरुस्ती अशी करा :

१. आधी सेल बाहेर काढा.

२. सेल गळला असेल तर हात न लावता फडक्याने पुसा. साध्या सेलचा रस आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा बोळा चालतो. अल्कलाइन सेलला उलट लिंबाच्या रसाचा बोळा लागतो. नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा.

३. जुन्या दातांच्या ब्रशने फट साफ करा. पट्टी, स्प्रिंग आणि टोपणाच्या आट्यांवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. पितळ चमकले की थांबा.

४. पट्टी दबली असेल तर चिमट्याने किंचित वर उचला. जोर लावू नका, तुटेल.

५. बटण पंधरा-वीस वेळा मागेपुढे करा. खाण्याचे तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून खटका पुन्हा अडकतो.

चार्जिंगच्या बॅटरीला हे लागू नाही. तिचा चार्जर आधी काढा, आणि आतला लिथियम सेल उघडू, टोचू किंवा तापवू नका. ते काम कारागिराचे.

पाळी संपली की सेल काढून ठेवा. जुना-नवा सेल एकत्र घालू नका. आणि उजेड असला तरी पायात बूट अन् हातात काठी हवीच. सर्प चावलाच तर चिरू नका, घट्ट बांधू नका. माणसाला चालू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा.